शिवण न येणाऱ्या शिवणबाई

थिसलकोटच्या शाळेत मुलींना शिवण शिकवणाऱ्या हेप्झिबा पार्जेटर यांना शिवता येत नव्हतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त पाद्रीसाहेब विंटरबर्न यांना आणि त्यांच्या बायकोला, आणि नेमकी शाळा त्या दोघांच्या मुठीत होती.

येत नव्हतं म्हणजे अगदीच येत नव्हतं. लहानपणी आईनं त्यांना कापडावर दोऱ्यानं घर काढायला बसवलं होतं. ते घर असं काही कललं की बाप म्हणाला, "यात राहणाऱ्यांची आधी प्रेतयात्रा काढा." बापाची पाणचक्की होती. कुणाचं किती धान्य आलं, त्यातून दळणापोटी किती कापायचं, हे हेप्झिबा, म्हणजे घरच्यांची हेप्सी, दुधाचे दात पडायच्या आत तोंडी सांगायची आणि शेतकरी टोप्या खाजवत बोटं मोजत बसायचे. आईनं शेवटी सुई काढून घेतली आणि नशिबाला दोष देऊन मोकळी झाली.

असल्या मुलीनं लग्न केलं ते शिंप्याच्या मुलाशी. जोसाया पार्जेटरची छाती नाजूक. शिंप्याचं काम वाकून करायचं, मास्तराचं उभ्यानं, म्हणून बापानं त्याला मास्तर होण्याच्या कॉलेजात घातलं. तिथून तो कागद घेऊन बाहेर पडला खरा, पण कागदावर पोरांना गप्प कसं बसवायचं ते लिहिलेलं नव्हतं. छडी उचलली की पोराच्या आधी तोच डोळे मिटायचा.

थिसलकोटला मास्तर हवा होता. अट एवढीच की तो लग्न झालेला हवा आणि दुपारी त्याच्या बायकोनं मुलींना शिवण शिकवायला हवी. शाळेच्या भिंतीला चिकटून दोन खोल्यांचं घर होतं, ते नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं. विंटरबर्नबाईंनी मुलाखतीत विचारलं, "सुई धरता येते ना तुम्हाला?" हेप्सीबाई म्हणाल्या, "येते." यात खोटं काहीच नव्हतं. सुई त्यांना उत्तम धरता यायची, भानगड पुढे दोरा ओवण्यापासून सुरू व्हायची.

शाळा म्हणजे एक लांब खोली. मधोमध शेगडी, ती उष्णतेपेक्षा धूर जास्त द्यायची. पावसात भिजून आलेल्या पोरांचे कोट तिच्याभोवती वाळत आणि खोलीभर ओल्या मेंढरांचा वास सुटे. पाटी थुंकीनं पुसायची, मग बाहीनं. सकाळी पाद्रीसाहेब येऊन देवाच्या दहा आज्ञा म्हणून घ्यायचे, आणि त्यांच्या पोटात न्याहारी असल्यामुळे त्यांना घाई नसायची. दुपारी खोलीत आडवा एक तपकिरी पडदा ओढला जाई. पडद्याच्या पुढे मुलगे आणि गणित, मागे मुली आणि शिवण. मुलींना अपूर्णांक कशाला हवेत, असा सवाल पाद्रीसाहेबांनी एकदा चर्चमध्येच केला होता आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तो सुटला असं धरलं होतं.

पहिला महिना दोघांच्याही नाकी नऊ आले. पडद्यापुढे पोरं बाकांवरून उड्या मारत होती. पडद्यामागे एका मुलीनं शाळेत शिवायला आलेला पाद्रीसाहेबांचा शर्ट स्वतःच्या परकराला शिवून टाकला, आणि तो उसवताना हेप्सीबाईंनी दोन्ही फाडलं. एके दुपारी एनॉक ट्रॉट नावाचा कार्टा छताच्या तुळईवर जाऊन बसला आणि तिथून मास्तरांच्या डोक्यावर अक्रोडाची टरफलं टाकू लागला. मास्तरांनी थोडा वेळ ती झेलली आणि मग ते सरळ पडद्यामागे पळून आले.

"हेप्सी, मी इथं जरा बसतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

हेप्सीबाईंनी मांडीवरचं कापड त्यांच्या हातात कोंबलं आणि पडदा सारून त्या पुढे गेल्या.

"एनॉक, खाली उतर."

"नाही उतरत. मास्तरांनाच बोलवा."

"नको उतरू. तुझ्या बापाच्या डुकरिणीला बारा पिल्लं झाली. त्यातली एक तृतीयांश तिच्याच अंगाखाली चेंगरून मेली. उरली त्यातली अर्धी पाद्रीसाहेबांकडे भेट म्हणून गेली. तुमच्याकडे किती राहिली?"

एनॉकनं तुळईवर बोटं मोजली. मग आवाज आला, "चार."

"पण पाद्रीसाहेबांना एवढी कशाला?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"हा गणितातला प्रश्न नाही," हेप्सीबाई म्हणाल्या. "पण विचार करायला हरकत नाही."

एनॉक खाली उतरला. डुकरांवरून गणित मेंढ्यांवर गेलं, मेंढ्यांवरून शेणखताच्या गाड्यांवर, आणि घंटा झाली तेव्हा पोरं उठेनात. हेप्सीबाई पडद्यामागे आल्या तर मास्तर खुर्चीवर मांडी घालून बसलेले, बोटात सुईपासून जपणारं अंगुस्तान, भोवती मुली, आणि फाटलेला शर्ट असा जोडलेला की फाटला होता कुठे ते शोधावं लागावं. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हतं इतकं समाधान होतं. त्या दुपारनंतर दोघं आपापल्या जागी परत गेलेच नाहीत.

हे गावभर व्हायला एक संध्याकाळ लागली. पोरांनी घरी जाऊन पावाला चरबी लावता लावता सगळं सांगितलं. गाव पोट धरून हसलं आणि गप्प बसलं. पाद्रीला काही सांगायचं नाही, ही आमच्या गावाची अकरावी आज्ञा. पहिल्या दहा जितक्या पाळल्या जातात त्याहून ती पुष्कळच कसोशीनं पाळली जाते.

तरी धोका होताच. पाद्रीसाहेबांना कळलं असतं तर दोघांना बिऱ्हाड उचलावं लागलं असतं, आणि मास्तरांची छाती घेऊन हिवाळ्यात रस्त्यावर फिरणं म्हणजे त्यांचं मरणच. म्हणून सगळ्यात लहान पोरं खिडकीपाशी बसवली होती. कुंपणावरून पाद्रीसाहेबांची काळी टोपी दिसली की त्यांनी भजन सुरू करायचं. भजनाचं पहिलं कडवं संपायच्या आत नवरा-बायको जागा बदलत. पाद्रीसाहेब दारात येऊन डोळे पुसायचे. ही शाळा दिवसभर देवाचं नाव घेते, असं त्यांनी बिशपना कळवलंसुद्धा. एकदा घाईत मास्तरांच्या बोटात अंगुस्तान राहिलं. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "हे काय, पार्जेटर?"

"खडूनं बोटं फाटतात, साहेब."

"उत्तम कल्पना आहे," पाद्रीसाहेब म्हणाले, आणि पुढच्या रविवारपासून ते प्रवचनाची पानं अंगुस्तान घालून उलटू लागले.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. पाद्रीसाहेबांचे शर्ट शाळेतल्या मुली शिवायच्या, आणि आतल्या पोटाचा विचार केला तर ते शर्ट म्हणजे चमत्कारच होते. विंटरबर्नबाई पाहुण्यांना काजं दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या पार्जेटरबाईंचा हात बघा." दरवर्षी इन्स्पेक्टरसाहेब यायचे, मास्तरांच्या गणिताची पाठ थोपटायचे, बाईंच्या शिवणाची वाहवा करायचे. ते गेले की दोघं स्वयंपाकघरात बिअरचा एक मग वाटून प्यायचे.

"यंदा तुझी तुरपाई फार नाजूक झाली, हेप्सी."

"आणि तुमचे अपूर्णांक, मास्तर. इन्स्पेक्टर तर गारच पडला."

मग एका फेब्रुवारीत धुकं आलं आणि ते हटेना. मास्तरांचा खोकला छातीत उतरला. आठवडाभर त्यांनी अंथरुणात बसून पडद्याला नवी किनार लावली, कारण जुनी विरली होती, आणि किनार संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. हेप्सीबाईंना एवढं दुःख झालं की त्यांनी कुणाशी बोलणंच टाकलं. ज्या माणसानं आपल्याला एकदाही शिवायला बस म्हटलं नाही, तसा माणूस पुन्हा मिळणार नव्हता, आणि त्यांना तो पुन्हा मिळायला नकोही होता.

अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी पाद्रीसाहेब सपत्नीक घरी आले. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

"ईस्टरला नवा मास्तर येतोय, पार्जेटरबाई. घर त्याला द्यावं लागणार. पण आम्ही काही दगडाचे नाही. तो अविवाहित आहे. तेव्हा शिवणाचं काम तुमच्याकडेच राहील. राहायची सोय लोहाराकडे होईल, मी बोललोय."

"तुमच्यासारखी शिवणबाई आम्हाला कुठे मिळायची?" विंटरबर्नबाई म्हणाल्या.

"गणिताचं मात्र आता काही खरं नाही," पाद्रीसाहेबांनी उसासा सोडला. "थिसलकोटचं गणित आपण परवा मातीत पुरलं."

हेप्सीबाईंचं डोकं फिरलं. मुलगे जाणार, फळा जाणार, आणि आयुष्यभर पाद्र्याच्या शर्टांना भोकं पाडत बसायचं, तेही आठवडाभरात उघडं पडेपर्यंतच. गप्प राहिलं तरी नोकरी जाणार होती. मग खरं बोलून मागून का बघू नये?

"साहेब, मला मास्तराची जागा द्या," त्या म्हणाल्या. "गणित मी शिकवत होते. शिवायचे ते. अपूर्णांक बघितले की त्यांना घाम फुटायचा."

पाद्रीसाहेब बायकोकडे बघू लागले. विंटरबर्नबाईंनी हेप्सीबाईंचा हात हातात घेतला.

"अगदी माझ्या आईसारखं झालंय," त्या हळू आवाजात नवऱ्याला म्हणाल्या. "बाबा गेल्यावर ती सहा महिने स्वतःला कर्नल समजत होती."

"मी शुद्धीवर आहे," हेप्सीबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा सुईदोऱ्याचा डबा उघडला, कापडाचा तुकडा घेतला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत एक काज करून दाखवलं. ते काज कसलं, उंदरानं कुरतडलेलं भोक. विंटरबर्नबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बिचारीचे हात किती थरथरतायत," त्या म्हणाल्या.

"मग गणित विचारा. कुठलंही विचारा."

पाद्रीसाहेबांनी बराच विचार करून बारा बारे विचारलं. हेप्सीबाईंनी उत्तर दिलं. ते बरोबर की चूक, हे ठरवायला पाद्रीसाहेबांना जरा वेळ लागला.

"मास्तरांनी घरी शिकवलं असणार," ते शेवटी म्हणाले. "फार प्रेमळ माणूस."

"मग चला गावात. गावाला विचारू. सगळ्यांना माहीत आहे."

दोघांना घेऊन त्या तरातरा लोहाराच्या भट्टीवर गेल्या. ओबेड हॅलेट घोड्याचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकत होता. पाद्रीसाहेब, मागे पाद्रीणबाई आणि त्यांच्यामध्ये काळ्या कपड्यातल्या हेप्सीबाई, हे दृश्य बघून त्यानं घोड्याचा पाय खाली सोडला. पकडलं बाईंना, एवढंच त्याच्या मनात आलं.

"हॅलेट, या म्हणतात शाळेत गणित याच शिकवायच्या. खरं आहे का हे?"

"गणित?" ओबेड म्हणाला. "बाई? छे, साहेब. बाईंना भट्टीवर कोळसा किती लागला विचारलं तरी सांगता येत नाही. शिवण मात्र, काय सांगू तुम्हाला, माझ्या थर्झाला अशी शिकवलीय की पोरगी डोळे मिटून रफू करते."

"ओबेड," हेप्सीबाई म्हणाल्या, "मी सांगतेय ना. खरं बोल. मला खरं तेच हवं आहे."

ओबेडनं पाद्रीसाहेबांची पाठ वळलेली बघून हेप्सीबाईंना डोळा मारला. "बाई आता दुःखात आहेत, साहेब," तो म्हणाला. "त्यांचं मनावर घेऊ नका."

गुत्तेवाला तर त्याच्याही पुढचा निघाला. मास्तरांचं गणित एवढं जबर की गुत्त्याचा सगळा हिशेब तेच करायचे, असं त्यानं शपथेवर सांगितलं. हा हिशेब दर शनिवारी हेप्सीबाई करायच्या, तोंडी, मागच्या दारात उभ्या राहून. तुळईवरचा एनॉक ट्रॉट आता बायको-पोरांचा धनी झाला होता. तो नांगर थांबवून आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाईंच्या तोंडून मी कधी एक आकडाही ऐकला नाही, देवाशपथ." हेप्सीबाईंनी त्याचा दंड धरून हलवला. "डुकरिणीची पिल्लं आठव, एनॉक." त्यानं कानावर हात ठेवले. त्या जितक्या काकुळतीला येत होत्या तितकं गाव त्यांच्यासाठी जिवाच्या आकांतानं खोटं बोलत होतं. सगळं गाव इतक्या प्रेमानं गळा दाबतंय म्हटल्यावर ओरडणार तरी कोणाच्या नावानं?

पाद्रीसाहेबांनी त्यांना घरी पोचवलं आणि भरपूर सूप प्यायला सांगितलं. संध्याकाळी ओबेड आला तो छाती फुगवून.

"वाचवलं की नाही बाई तुम्हाला?"

हेप्सीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. शिव्या ओठांवर आल्या होत्या. "वाचवलंस," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

ईस्टरला नवा मास्तर आला. लायनेल फेअरब्रास, उंच, मिशा मेण लावून पिळलेल्या. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळं येत होतं, फक्त ते दुसऱ्याला कसं येतं याची त्याला फिकीर नव्हती. पहिल्याच दुपारी त्यानं पडदा ओढला आणि हेप्सीबाई इतक्या वर्षांनी पडद्याच्या मागच्या बाजूला बसल्या. मुलींसमोर पाद्रीसाहेबांच्या नव्या शर्टांचं कापड पसरलेलं होतं. हेप्सीबाईंच्या हातात कात्री होती आणि ती कुठून चालवायची हे त्यांना माहीत नव्हतं.

लोहाराची थर्झा, वर्गातली सगळ्यात मोठी, तिनं हळूच कात्री काढून घेतली.

"राहू द्या, बाई. आम्हाला येतं. मास्तरांनी सगळं शिकवलंय. तुम्ही नुसत्या बसा."

हेप्सीबाई बसल्या. नोकरी तर वाचली होती. उघडं पडायचं भय गेलं होतं. आता मरेपर्यंत हे असं हात जोडून बसायचं आणि पलीकडचं ऐकायचं, एवढंच काम उरलं होतं. पलीकडे फेअरब्रास मुलग्यांकडून नियम घोकून घेत होता आणि मुलगे मेलेल्या आवाजात घोकत होते. हेप्सीबाईंच्या जिवाची नुसती तगमग होत होती.

"पाच अष्टमांशाचे तीन चतुर्थांश किती?" पलीकडून फेअरब्रासचा आवाज आला. कुणी उत्तर देईना. छडी टेबलावर आपटली.

"पंधरा बत्तीसांश," थर्झा स्वतःशीच पुटपुटली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

हेप्सीबाईंनी मान वर केली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी? मी तर कायम तिकडे होते. एवढ्या वर्षांत मी इथल्या एका मुलीला एक बेरीजसुद्धा घातली नाही." हे म्हणताना त्यांना पहिल्यांदाच त्याची लाज वाटली.

"पडदा कापडाचा आहे, बाई," थर्झा म्हणाली. "सगळं ऐकू यायचं. सगळ्यांनाच गणित येतं. हिलाही येतं आणि तिलाही." दोन-तीन मुलींनी मान न उचलताच होकार दिला. "मास्तर आम्हाला कात्री खाली ठेवायला लावायचे. म्हणायचे, आवाज करू नका पोरींनो, बाई आता अवघड गणितावर आल्यात."

हेप्सीबाईंनी पडद्याच्या किनारीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "आणि ते?"

"तेपण उत्तर द्यायचे, हळूच. बहुतेक वेळा चुकायचं. मग आम्ही त्यांना समजावून सांगायचो, आणि ते म्हणायचे, बाईंना सांगू नका."

हेप्सीबाईंनी पाद्रीसाहेबांच्या नव्या शर्टात तोंड खुपसलं आणि मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडून घेतलं. मुली शिवत राहिल्या. रडून झाल्यावर बाईंनी त्याच शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, बाही थर्झाकडे परत दिली आणि खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी मुलींना पुढचं गणित घातलं, पडद्यापलीकडच्या मुलग्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.